फोन लिहितो, आपण पुसायचं!

घर आवरायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. दिवाळी जवळ आली की माळा खाली येतो, जुन्या पावत्या रद्दीत जातात, कपाटाचा एकेक कप्पा उपसला जातो. पण दिवसभर हातात असलेला, रात्री उशाशी असलेला मोबाइल? त्याच्या पोटात काय काय साठलंय, ते किती जणींनी उघडून बघितलंय?

मैत्रिणींनो, हा फोन गुपचूप रोजनिशी लिहीत असतो. रात्री अकराला सगळी झोपल्यावर तुम्ही 'अंगावरून पांढरं जाणे' असं शोधलं, ते त्यात आहे. 'छातीत गाठ लागते पण दुखत नाही' असं घाबरून विचारलं, ते आहे. 'नवऱ्याने पोटगी दिली नाही तर काय करायचं', 'दहावी नापास महिलांसाठी नोकरी', 'मुलगा चिडचिड करतो, बोलत नाही' हे सगळं तारीख-वेळेसकट आहे. गेल्या मंगळवारी काटोलहून एसटीने नागपूरला येऊन धंतोलीत कुठल्या दवाखान्यात किती वेळ थांबलात, नकाशाची टाइमलाइन चालू असेल तर तेही आहे. सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नाही, ते आपण फोनला सांगून बसलोय. आणि तो ते विसरत नाही.

भिशीत किंवा हळदीकुंकवाला हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "आम्ही काय चोऱ्या करतो का जी? मग पुसायचं काहून?"

प्रश्न रास्त आहे. पण चोरी करत नाही म्हणून आपण न्हाणीघराचं दार उघडं ठेवतो का? डॉक्टरीणबाईंनी तपासायला घेतलं की मधला पडदा ओढून घेतोच ना? त्या पडद्यामागे काही पाप नसतं. तो आपला मान असतो. फोनमधल्या नोंदींचंही अगदी तसंच आहे. काय ठेवायचं, काय पुसायचं आणि कोणाला दाखवायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, बस्स.

नागपूरच्या न्यायमूर्तींनी सांगितलेलं घर

हे नुसतं माझं मत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की खासगीपण जपणं हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार कार्डाच्या संदर्भात केलेल्या याचिकेतून हा प्रश्न पुढे आला होता. आणि त्या नऊ जणांत एक आपले नागपूरचे होते, न्यायमूर्ती शरद बोबडे. नागपुरात जन्मलेले, इथल्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली केलेले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झालेले.

त्यांनी आपलं निकालपत्र वेगळं लिहिलं. खासगीपण हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही, हे दाखवायला त्यांनी आपल्याच जुन्या ग्रंथांचे दाखले दिले. घरातल्या माणसांचा आडोसा राहील असं घर कसं बांधावं, हे गृह्यसूत्रांत सांगितलं आहे. मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. आज आपलं अर्धं घर फोनच्या आत आहे. मग त्याला दार नको?

गंमत बघा, त्याच ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीतून बोलून शोधण्याची सोय सुरू केली. वर्षभरापूर्वी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झालं होतंच. ज्यांना टाइप करणं जमत नव्हतं त्या काकू-मावश्याही फोनशी मराठीत बोलायला लागल्या. सोय फार मोठी झाली. पण बोललेलंही लिहून ठेवलं जाऊ शकतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

पहिला प्रश्न : खातं कोणाचं?

पुसायला बसण्याआधी एक गोष्ट तपासा. बर्डीवरच्या दुकानातून नवीन फोन घेतला की त्यात गूगलचं खातं टाकावं लागतं. पुष्कळ घरांत काय होतं? दुकानातला मुलगा विचारतो, "ताई, ईमेल आहे का?" आपण शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे किंवा मुलाकडे बघतो आणि तो आपलंच खातं टाकून मोकळा होतो. यात त्याचा काही वाईट हेतू नसतो. पण एकच खातं दोन फोनवर चालू असलं, की तुमच्या फोनवर शोधलेलं त्याच्याही फोनवर, त्याच्या लॅपटॉपवर दिसू शकतं. आईने स्वतःच्या दुखण्याबद्दल शोधलं आणि ते मुलाच्या पडद्यावर आलं, तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं!

हे कसं बघायचं? प्ले स्टोअर किंवा जीमेल उघडा आणि वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा. जे नाव आणि ईमेल दिसेल, त्याच्या नावावर ही वही लिहिली जातेय. ते तुमचं नसेल, तर स्वतःचं नवीन खातं उघडा, त्याला पैसे लागत नाहीत. मात्र जुनं खातं घाईने काढून टाकू नका. नातेवाइकांचे नंबर आणि फोटो त्यात अडकलेले असतात, ते आधी नव्या खात्यात घ्या. आणि 'पासवर्ड विसरलात तर' म्हणून जो मोबाइल नंबर विचारतात, तिथे आपलाच नंबर द्या.

खातं तुमचंच असेल तरी त्याच्या 'सिक्युरिटी' या भागात 'युवर डिव्हायसेस' अशी यादी असते. तुमचं खातं कुठकुठल्या फोनवर, संगणकावर उघडं आहे ते तिथे दिसतं. ओळखीचा नसलेला फोन दिसला तर तिथूनच 'साइन आउट' करा आणि लगेच पासवर्ड बदला.

वही एक नाही, तीन आहेत

इथे पुष्कळ जणी फसतात. "मी तर सगळं डिलीट केलं होतं बापा!" म्हणतात. केलेलं असतं, पण एकाच वहीतून. वह्या तीन असतात. पहिली आपल्या फोनमध्ये. दुसरी गूगलसारख्या कंपनीकडे, आपल्या खात्यावर. आणि तिसरी दुसऱ्यांकडे, म्हणजे मोबाइल कंपनी, बँक किंवा ज्याला निरोप पाठवला त्या माणसाकडे. पहिल्या दोन आपल्या हातात आहेत, तिसरी नाही.

*पहिली वही.* आपण ज्यातून शोधतो ते क्रोम उघडा. वर उजवीकडे तीन टिंबं आहेत, त्यात 'हिस्ट्री' सापडेल. एखादीच ओळ काढायची असेल तर तिच्यासमोरच्या फुलीवर बोट ठेवा. जास्त काढायचं असेल तर 'डिलीट ब्राउझिंग डेटा'. तिथे शेवटची १५ मिनिटं, एक तास, २४ तास, ७ दिवस, ४ आठवडे की सगळंच, असं निवडता येतं. फक्त एक सांभाळा. 'पासवर्ड' या चौकटीवर खूण असेल तर ती काढून टाका, नाहीतर साठवलेले पासवर्डही जातील. 'कुकीज' पुसल्या तर उघडलेल्या साइटवर पुन्हा लॉग-इन करावं लागेल, तेव्हा घाबरू नका.

टाइप करताना खाली शब्द सुचवणारा कीबोर्डही शिकत असतो. तुम्ही 'घ' लिहिलं आणि त्याने 'घटस्फोट' पुढे केलं, तेही सासूबाई शेजारी बसलेल्या असताना! जीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये शिकलेले शब्द पुसण्याची सोय आहे.

*दुसरी वही.* ही जास्त महत्त्वाची, कारण फोन हरवला, फुटला, तरी ती तशीच राहते. फोनच्या सेटिंगमध्ये 'गूगल'वर जा, तिथून 'मॅनेज युवर गूगल अकाउंट' आणि मग 'डेटा अँड प्रायव्हसी'. (कंपनीगणिक शब्द थोडे पुढे-मागे असतात.) तिथे तीन नावं भेटतील. 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' म्हणजे काय शोधलं, कुठलं ॲप उघडलं. 'टाइमलाइन' म्हणजे कुठे गेलो. 'यूट्यूब हिस्ट्री' म्हणजे काय पाहिलं. प्रत्येकात शिरून जुनं पुसता येतं आणि पुढचं लिहिणं बंदही करता येतं.

रोज कोण पुसत बसणार, असं म्हणाल तर त्यावरही उपाय आहे, 'ऑटो-डिलीट'. २०१९ मध्ये गूगलने ही सोय आणली. ३ महिने, १८ महिने किंवा ३६ महिन्यांपेक्षा जुनं झालं की आपोआप पुसलं जातं. जून २०२० नंतर उघडलेल्या नव्या खात्यांवर वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटीला १८ महिने आपोआप लागू झाले. पण तुमचं खातं त्याआधीचं असेल, तर हे स्वतः जाऊन लावावं लागतं. ३ महिने निवडा आणि निर्धास्त व्हा. तिथेच आणखी एक कुलूप आहे. आपली संपूर्ण हिस्ट्री उघडायच्या आधी ओळख पटवायला लागेल, अशी व्यवस्था करता येते. फोन घरात चार हातांत फिरत असेल तर हे कुलूप जरूर लावा.

पुसलं म्हणजे त्याच क्षणी जगातून गेलं, असं मात्र नसतं. पडद्यावरून लगेच दिसेनासं होतं. कंपनीच्या यंत्रणेतून पूर्ण जायला, गूगलच्याच सांगण्यानुसार, साधारण दोन महिने लागतात.

*नकाशाचं वेगळं प्रकरण.* २०१८ च्या ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उघड केलं, की 'लोकेशन हिस्ट्री' बंद केली तरी गूगल आपलं ठिकाण दुसऱ्या सेटिंगमधून, त्या वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटीमधून, नोंदवत होतं. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी तडजोड करून कंपनीला ३९ कोटी १५ लाख डॉलर मोजावे लागले. यातला आपल्यापुरता धडा असा, की एक बटण बंद करून थांबू नका, दोन्ही बघा. २०२४ पासून टाइमलाइन ज्या त्या फोनमध्येच ठेवायला सुरुवात झाली. म्हणजे फोन ज्याच्या हातात आणि ज्याला त्याचा पिन माहीत, तो ती बघू शकतो. नकाशात आपल्या गोल चित्राखाली 'लोकेशन शेअरिंग'ही बघून घ्या. आपण कुठे आहोत हे कोणाला सतत दिसतंय का, ते तिथे कळतं.

व्हॉट्सॲपवर काय बघायचं?

आपल्याकडचा गप्पांचा धागा पुसला की तो समोरच्याकडचाही गेला, असा समज आहे. तसं होत नाही. दोघांकडूनही काढायचं तर 'डिलीट फॉर एव्हरीवन' लागतं आणि तेही साधारण दोन दिवसांच्या आतच चालतं. तोवर समोरच्याने फोटो काढून ठेवला असेल तर विषयच संपला. एखादा नाजूक विषय बोलायचा असेल तर आधीच 'डिसअपिअरिंग मेसेजेस' लावा. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी निरोप आपोआप जातात.

पण त्याहून महत्त्वाचं आहे 'लिंक्ड डिव्हायसेस'. तुमचा फोन दोन मिनिटं कोणाच्या हातात आला, तर तो तुमचं व्हॉट्सॲप आपल्या संगणकाला जोडून ठेवू शकतो. मग तुम्ही इकडे कितीही पुसा, तो तिकडे बसून नवे निरोप वाचतोच आहे! आठवड्यातून एकदा ही यादी उघडायची आणि अनोळखी काही दिसलं तर 'लॉग आउट' करायचं.

इनकॉग्निटो म्हणजे जादूची टोपी नव्हे

क्रोममध्ये एक काळी खिडकी असते, इनकॉग्निटो. घालून गायब व्हायची ही जादूची टोपीच, असं तरुण मुलींना वाटतं. ती खिडकी बंद केली की फोनमधल्या वहीत नोंद राहत नाही, इतकं खरं. घरच्यांच्या नजरेपासून आडोसा म्हणून ती चांगलीच आहे. पण जी साइट उघडली तिला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुमचं येणं-जाणं कळू शकतं. अमेरिकेत २०२० मध्ये याच मुद्द्यावर गूगलवर खटला झाला. २०२४ मधल्या तडजोडीत, अशा खिडकीतून जमा झालेल्या अब्जावधी नोंदी पुसायला कंपनी तयार झाली. म्हणजे नोंदी होत होत्या!

तिसऱ्या वहीचंही लक्षात ठेवा. कोणी कोणाला कधी फोन केला याच्या नोंदी मोबाइल कंपन्यांनी किमान दोन वर्षं ठेवाव्यात, असा दूरसंचार विभागाचा डिसेंबर २०२१ चा नियम आहे. निरोपात काय लिहिलं हे त्यात नसतं. आपण फोनमधली कॉलची यादी पुसली तरी कंपनीकडे नोंद राहते आणि कायदेशीर मार्गाने पोलिसांना ती मिळते. बँकेच्या पासबुकाचंही तसंच.

हे मात्र पुसू नका!

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोणी घाणेरडे निरोप पाठवतंय, धमक्या देतंय, फोटो पसरवीन म्हणतंय, तर किळस येऊन, घाबरून आपण ते पटकन डिलीट करतो. तसं करू नका. तोच तुमचा पुरावा आहे. निरोप तसाच ठेवा, नंबर-तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, विश्वासातल्या माणसाकडे एक प्रत ठेवा आणि फोन बदलू नका. पैशाची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा. महिलांसाठी १८१, तातडीची मदत हवी तर ११२. नागपूर पोलिसांचा भरोसा सेल तर खास महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठीच आहे.

आणि ज्या मैत्रिणीच्या घरी रोज फोन तपासला जातो, तिच्यासाठी दोन शब्द. एका रात्रीत सगळी हिस्ट्री कोरी करू नकोस बाई. कोरी पाटी बघून संशय वाढतो आणि त्याचा राग तुझ्यावर निघतो. जेवढी ओळ काढायची तेवढीच काढ, बाकी रोजचं राहू दे. मदतीची माहिती शोधायची तर माहेरचा किंवा एखाद्या भरवशाच्या मैत्रिणीचा फोन वापर. आणि हेही माहीत असू दे, की कोणत्याही पुरुषाने बाईच्या इंटरनेट, ईमेल वा मोबाइलच्या वापरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. २०१३ मध्ये तो कायद्यात आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ खाली आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नवऱ्याला त्यातून वेगळं काढलेलं नाही.

जुना फोन देताना

फोन बदलताना जुना कोणाला देता? कामवाल्या ताईंना, भाच्याला, की दुकानात एक्स्चेंजला? देण्याआधी फोटो-नंबर नव्या फोनमध्ये घ्या, खातं काढा, मग 'फॅक्टरी रीसेट' करा. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. फोटो डिलीट केले म्हणजे गेले असंही समजू नका. गूगल फोटोजच्या खात्यात चढलेले फोटो ६० दिवस कचऱ्याच्या डब्यात पडून असतात. तो डबाही रिकामा करायचा.

सरकारनेही आता याची दखल घेतली आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. कंपनीकडे असलेली आपली माहिती पुसून मागण्याचा अधिकार या कायद्यात आहे. पण कायदा दारापर्यंत येतो. कडी आतून आपल्यालाच लावावी लागते.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारची भांडी झाली की टीव्ही लावायच्या आधी पंधरा मिनिटं फोन घेऊन बसा. खातं कोणाचं ते बघा, ऑटो-डिलीट तीन महिन्यांवर लावा, लिंक्ड डिव्हायसेसची यादी तपासा. जमलं नाही तर लेकीला विचारा, सुनेला विचारा. त्यांना येतं आणि सांगायलाही आवडतं. आणि जमलं की शेजारच्या काकूंना शिकवा. स्वयंपाकघरातले डबे आपण इतके नीट लावतो, त्याच हाताने हा एक कप्पाही लागेल.